गूळ, तूप आणि अंगावरचे दूध

माझ्या श्वासाला काहीतरी गोडसर, उग्र वास येतो आहे, हे सर्वांत आधी ध्यानात आले ते आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या. मुलगी तेव्हा साडेचार महिन्यांची होती. मी वाळवा तालुक्यात माहेरी आले होते आणि आदल्या रात्रीपासून मला उलट्या होत होत्या. घरात सर्वांनी ते पित्त धरले होते आणि मीही तेच धरून ओवा चावत पडले होते. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायला आबा वाकले आणि वाकलेलेच थांबले. त्यांची सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून झाली. व्यालेल्या गाईच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेणे हे त्यांच्या नित्याच्या कामातले होते. ते आईला म्हणाले, "अगं, गाडी काढायला सांग. हे पित्त नव्हं. किटोसिस झालेल्या गाईच्या तोंडाला येतो तसला वास येतोय पोरीच्या."

कर्बोदके बंद करून मला त्या दिवशी बारा दिवस झाले होते. सकाळी लोण्यात परतलेली तीन अंडी, दुपारी पालक आणि पनीर, रात्री तुपात परतलेला फ्लॉवर, मधल्या वेळेला ओल्या खोबऱ्याचा तुकडा किंवा मूठभर अक्रोड, असा माझा आहार होता. भात, भाकरी, डाळ, फळे, गूळ यांतले काहीही पोटात जात नव्हते. मोबाइलमधल्या नोंदीप्रमाणे एकाही दिवशी कर्बोदके १८ ग्रॅमच्या वर गेली नव्हती, आणि त्या आकड्याचा मला मनापासून अभिमान वाटत होता. बाळंतपणात वाढलेले वजन उतरत नव्हते, गरोदरपणात साखर वाढलेली होती, आईला मधुमेह आहे. त्यामुळे हा कमी कर्बोदकांचा, भरपूर चरबीचा आहार आपल्यासाठीच आहे असे मी ठरवून टाकले होते. पहिल्या दहा दिवसांत वजन तीन किलोंनी उतरले. अकराव्या दिवशी सर्दी-तापाने अन्नावरची वासना गेली. मी दिवसभरात दोन घास खाल्ले असतील. मुलगी मात्र नेहमीप्रमाणे रात्रीतून चार वेळा प्याली.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत मला धाप लागली होती. पायऱ्या चढल्यावर लागते तशी ती नव्हती. पडून असतानाही छाती आपोआप खोल, भराभर श्वास ओढत होती. बोटाला टोचून साखर पाहिली तर ती ७१ आली. मधुमेह नाही, साखरही ठीक आहे, तेव्हा पोटाचे इंजेक्शन देऊन घरी पाठवावे असे तिथे बोलणे चालले होते. आबांनी हात जोडून विनंती केली की, लघवीतले किटोन, म्हणजे साखर अपुरी पडली की यकृत चरबीपासून तयार करते ते पदार्थ, एकदा पाहावेत. ते चार अधिक, म्हणजे फार जास्त, आले. मग मनगटाच्या धमनीतून रक्त घेतले गेले, तेव्हा रक्ताचा सामू (पीएच) ७.१९ निघाला, तो ७.३५ च्या खाली जायला नको. रक्तात आम्ल साचले होते. डेक्स्ट्रोजचे सलाईन लागले, म्हणजे शिरेतून सरळ साखर, आणि सोबत थोडे इन्सुलिन. पहाटेपर्यंत धाप बसली आणि सलाईन चालू असतानाच मुलीला माझ्या कुशीत दिले.

हे कसे घडले ते मी नंतर वहीत आकडे मांडून समजून घेतले, आणि ते इतके सोपे निघाले की आधी कुणी सांगितले असते तर मला खचित पटले असते. आईच्या दुधात दर १०० मिलिलिटरला सुमारे ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते. निव्वळ अंगावर पिणारे बाळ दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पिते. म्हणजे रोज ५५ ग्रॅमच्या आसपास साखर स्तनांतून बाहेर जाते आणि ती मुख्यतः आईच्या रक्तातल्या ग्लुकोजपासून तयार होते. आईच्या मेंदूला स्वतःसाठी दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागते ते वेगळे. किटोन वापरून मेंदू आपली गरज बरीच कमी करू शकतो. दुग्धशर्करा मात्र किटोनपासून तयार होत नाही. मी खात होते १८ ग्रॅम. उरलेली साखर यकृत प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून घडवत होते. एरवी एखादी बाई हे बरेच दिवस निभावून नेऊ शकते. पण मध्येच ताप आला, उलटी झाली, एक दिवस जेवण गेले, की यकृताची घडण मागणीला पुरत नाही, रक्तातले इन्सुलिन आणखी खाली जाते, अंगातली चरबी वितळून यकृताकडे लोटते आणि तिचे किटोन इतके होतात की रक्ताला ते आम्ल सोसत नाही.

दूध मात्र याची दाद लागू देत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आईने काय खाल्ले यावर दुधातल्या चरबीचा प्रकार बदलतो. खोबरे खाल्ले तर त्यातले लॉरिक आम्ल त्याच दिवसात दुधात वाढलेले दिसते. दुग्धशर्करेचे प्रमाण मात्र जवळजवळ जागचे हलत नाही. बाळ तृप्त दिसते, वजन धरते, आणि आई समजते की सगळे सुरळीत आहे. शरीर बाळाचा वाटा आधी काढून ठेवते. तुटवडा आईच्या अंगावर पडतो आणि बाहेरून तो कुणाला दिसत नाही.

गाईच्या बाबतीत हे आमच्या भागातल्या प्रत्येक दूध उत्पादकाला माहीत आहे. जास्त दुधाची संकरित गाय व्यायल्यावर पहिल्या दीड महिन्यात किटोसिस होण्याचा धोका असतो. कृषिविषयक सदरांतून त्याला कितनबाधा असेही म्हणतात. मी लहानपणी आबांबरोबर अशा गोठ्यांत गेले आहे. गाय आधी खुराक सोडते. पेंड पुढे ठेवली तर हुंगून तोंड फिरवते, कडबा तेवढा चघळत राहते. शेण घट्ट होते, पाठ बाकदार दिसते, दूध एकाएकी उतरते आणि श्वासाला, कधी दुधालाही, तो गोडसर वास येतो. आबा शिरेतून डेक्स्ट्रोजची बाटली लावत, आणि गाय तासाभरात मान उचलून गव्हाणीत तोंड घालताना मी पाहिलेली आहे. २५ लिटर दूध देणारी गाय रोज १ किलो २०० ग्रॅमच्या घरात दुग्धशर्करा बाहेर टाकते. तिच्या आतड्यातून ग्लुकोज असे फारसे शोषलेच जात नाही. कोठीपोटातल्या, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या, जंतूंनी चाऱ्यापासून तयार केलेल्या आम्लातून तिचे यकृत सगळी साखर घडवते. म्हणजे गाय जन्मभर जवळजवळ बिनसाखरेच्या आहारावर असते, तिची सारी रचना त्यासाठी झालेली आहे, आणि तरीही दुधाचा भर आला की तिचा तोल जातो. मी कोठीपोट नसताना स्वतःला तिच्या जागी नेऊन उभे केले होते, आणि लिटरमागे माझ्या दुधातली साखर तिच्या दुधाच्या जवळजवळ दीडपट होती.

माझ्यासारखीच एक नोंद मला पुढे वाचायला मिळाली. २०१५ मध्ये स्वीडनमधल्या डॉक्टरांनी ती प्रसिद्ध केली आहे. ३२ वर्षांची बाई, मधुमेह नाही, मूल दहा महिन्यांचे आणि अंगावर पिणारे, दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकांचा भरपूर चरबीचा आहार दहा दिवस, मग मळमळ, उलट्या, धडधड, थरथर. तिच्या रक्ताचा सामू ७.२० होता आणि साखर मोजून घेतली तर मधुमेहाचे काहीही चिन्ह नव्हते. वाचताना मला माझीच फाइल समोर असल्यासारखे झाले. अशा नोंदी तुरळक आहेत, पण वेगवेगळ्या देशांतून पुन्हा पुन्हा आलेल्या आहेत. हा आहार घेणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला असे होते असे मी म्हणणार नाही. ज्यांना होते त्यांच्या बाबतीत मात्र साखरेचा आकडा बरा दिसल्यामुळे वेळ जातो, आणि आमच्या घरी वास ओळखणारा माणूस नसता तर माझाही गेला असता.

या आहाराचे समर्थन करणारे दक्षिण आफ्रिकेतल्या प्राध्यापक टिम नोक्स यांचा दाखला नेहमी देतात. २०१४ मध्ये स्तनपान देणाऱ्या एका आईने त्यांना ट्विटरवर या आहाराविषयी विचारले आणि बाळाला वरचे अन्नही त्याच पद्धतीने सुरू करावे असे त्यांनी सुचवले. त्यावरून तिथल्या वैद्यक परिषदेपुढे त्यांची दीर्घ सुनावणी झाली. एप्रिल २०१७ मध्ये ते निर्दोष ठरले आणि पुढच्या वर्षी त्याविरुद्धचे अपीलही फेटाळले गेले. मीही त्या निकालावर विसंबले होते. पण त्या सुनावणीत प्रश्न होता तो एका डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाचा. माझ्यासारख्या, रात्री चार वेळा पाजणाऱ्या आणि तापात जेवण सुटलेल्या बाईच्या रक्ताचे काय होईल, याचा निवाडा तिथे झालेला नव्हता.

मला खरे तर आधीच सावध व्हायला हवे होते, कारण गरोदरपणात शरीराने एकदा सूचना दिली होती. २६ व्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत माझी साखर १५८ आली. आपल्याकडे मर्यादा १४० ची आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिला तो अगदी साधा होता: दर जेवणात एकच भाकरी, वाटीभर उसळ, भरपूर भाजी, भात अर्धी वाटी, रात्री झोपताना कपभर दूध, आणि जेवणानंतर वीस मिनिटे चालणे. मी त्यातली भाकरी, भात आणि दूध काढून टाकले, कारण जे कमी करून फायदा होतो ते बंद केले तर जास्त फायदा होईल, असे मला वाटले. आठवड्याने जेवणानंतरची साखर ९६ आली. मी आनंदाने तपासणीला गेले आणि माझे वजन एक किलो उतरलेले, लघवीत किटोन तीन अधिक. डॉक्टरीणबाई वहीवरून नजर वर न करता म्हणाल्या, "साखर खाली आली हे मला दिसतंय. पण उपाशी राहून आणलेली साखर मला नको आहे."

गरोदर शरीर उपाशी फार लवकर पडते. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात नोंदवले आहे की, रात्रीच्या जेवणानंतर सकाळची न्याहारी चुकवली एवढ्याने शेवटच्या महिन्यांतल्या निरोगी गरोदर स्त्रीची साखर इतर स्त्रियांपेक्षा अधिक खाली जाते आणि किटोन अधिक वर चढतात. याला 'वेगवान उपासमार' अशा अर्थाचे नाव आहे. वारेतून निघणारी संप्रेरके आईच्या इन्सुलिनला बोथट करतात, म्हणजे रक्तातली साखर बाळासाठी शिल्लक राहावी आणि आईने चरबीवर भागवावे, अशी ही वाटणी असते. त्या वाटणीतून बाळाची साखरच काढून घेतली तर काय होते, याचे उत्तर कुणी प्रयोग करून देऊ शकत नाही, कारण असा प्रयोग करणे योग्य नाही. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात तिसऱ्या तिमाहीत ज्या मातांच्या रक्तात किटोन जास्त होते, त्यांच्या मुलांचे बुद्धिमापनाचे गुण काहीसे कमी आढळले. ते निव्वळ निरीक्षण आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे. तरीही पोटात मूल असताना मी ते वाचले असते, तर भाकरी सोडली नसती. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने एरवीच्या बाईसाठी दिवसाला १३० ग्रॅम, गरोदर बाईसाठी १७५ आणि पाजणाऱ्या आईसाठी २१० ग्रॅम कर्बोदके सुचवली आहेत. हा चढता क्रम मला मोठा बोलका वाटतो, कारण मी नेमक्या त्याच्या उलट दिशेने उतरत गेले होते.

प्रयोग म्हणता येणार नाही, पण त्याच्या जवळ जाणारी एक गोष्ट स्कॉटलंडमधल्या मदरवेल इथे घडलेली आहे. १९५२ पासून १९७६ पर्यंत तिथल्या प्रसूतितज्ज्ञांनी गरोदर स्त्रियांना रोज एक पौंड, म्हणजे जवळजवळ ४५० ग्रॅम, तांबडे मांस खायला आणि पिष्टमय पदार्थ टाळायला सांगितले. गरोदरपणातला रक्तदाब आणि त्याचे झटके टळावेत हा त्यांचा हेतू होता, आणि तो प्रामाणिक होता. त्यांतल्या काही मुलांना तिशीच्या सुमारास तपासले, तेव्हा ज्यांच्या आईने शेवटच्या महिन्यांत जास्त मांस-मासे खाल्ले होते, त्यांचा रक्तदाब वरच्या बाजूला आढळला. तो आहार प्रथिनांचा होता, चरबीचा नव्हता, म्हणून त्यावरून माझ्या आहाराविषयी थेट काही सांगता येत नाही. मला त्यातून एवढेच दिसले की, नऊ महिन्यांत केलेल्या फेरफाराचा हिशेब तीस वर्षांनी लागू शकतो. अमेरिकेत २०१८ मध्ये, गर्भधारणेपूर्वी कर्बोदके फार कमी खाणाऱ्या स्त्रियांच्या बाळांत मज्जारज्जूच्या व्यंगांचा धोका तीस टक्क्यांनी अधिक आढळला, पण तिथल्या पिठात ही व्यंगे टाळण्यासाठी १९९८ पासून फोलिक आम्ल घातलेले असते आणि पीठ सोडले की तेही सुटते. आपल्याकडे ते मुख्यतः गोळीतून येते, तेव्हा ती गोळी चुकवू नये.

चरबीला मात्र मी दोष देणार नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. त्या बायका रोज शेतात राबत होत्या, गरोदरपणाच्या १८ व्या आठवड्यात त्यांचा आहार १८०० कॅलरींच्या आतबाहेर होता आणि पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम भरले. त्या अभ्यासात ज्या मातांच्या पोटात जास्त स्निग्ध पदार्थ गेले, त्यांची बाळे लांबीला आणि वजनाला बरी होती. पालेभाज्या, दूध आणि फळे अधिक खाणाऱ्यांच्या बाळांचेही तेच. आपल्या कित्येक घरांत सुनेच्या ताटातले तूपच आधी आटते. तेव्हा तुपाची भीती घालणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही, आणि भाकरीवर तूप वाढणाऱ्या आईचा हातही धरणार नाही.

आमच्या आजीने माझ्यासाठी बाळंतपणाआधीच डिंकाचे लाडू करून ठेवले होते, आणि मी ते गूळ आहे म्हणून परत पाठवले होते. दवाखान्यातून आल्यावर तिने पुन्हा केले. या वेळी मी स्वयंपाकघरात तिच्याजवळ बसले. डिंक तुपात टाकला की आधी काहीच होत नाही, मग तो एकदम ज्वारीच्या लाहीसारखा फुलतो आणि कढईत किणकिणतो. आतून कच्चा राहिला तर दाताला चिकटतो, म्हणून आजी एक दाणा फोडून बघते. खारकेची पूड, भाजलेले सुके खोबरे, खसखस, गोडंबी, आणि शेवटी चिरलेला गूळ. मी वजनकाटा घेऊन बसले होते. एका लाडवात तुपाचा आणि खोबऱ्याचा अंश भरपूर, गूळ १७ ग्रॅम, शिवाय खारीक. माझ्या त्या बारा दिवसांतली दिवसभराची कर्बोदके जवळजवळ या एका लाडवात बसत होती. बाळंतिणीला स्निग्ध द्यायचे हे आजीला ठाऊक होते, पण तुपाला गूळ सोडून तिने कधी एकटे पाठवले नाही. आळिवाची खीर असो, मऊ भात-तूप असो, बाजरीची भाकरी आणि लसूण-चटणी असो, प्रत्येक वाटीत दोन्ही असतात. गाय व्याली की तिलाही आमच्याकडे शिजवलेल्या बाजरीत गूळ घालून देतात. ते घमेले उचलताना आजीला वेगळे काही करते आहोत असे वाटत नसे. गरोदर बाईला एकादशी करू न देण्यामागेही, दोन जिवांच्या बाईने उपाशी राहू नये, एवढेच ती सांगत आली.

एवढ्याने साखरेचा प्रश्न संपला नाही, हेही सांगायला हवे. गरोदरपणात जिची साखर वाढते तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका मोठा असतो आणि मी दरवर्षी तपासणी करते. मी आजही भात थोडा घेते, साखरेचा चहा सोडला आहे, भाकरीआधी भाजी आणि उसळ खाते. मुलगी पीत होती तोवर एकाही जेवणातून भाकरी गेली नाही, आणि वजन उतरायला वर्ष लागले. ते वर्ष मला जड गेले. आरशासमोर उभी राहून मी रडलेही आहे, म्हणून ज्या बायका पाळण्यातले मूल झोपवून रात्री मोबाइलवर हा आहार शोधतात, त्यांचे मन मला नीट कळते. त्यांना मी थोडे थांबायला सांगते. मूल अंगावरून सुटले की डॉक्टरांना विचारून हवा तो आहार करून पाहता येतो.

गेल्या महिन्यात धाकटी बहीण बाळंत झाली. तिचीही साखर सातव्या महिन्यात वाढली होती, पण तिने जेवणाच्या तक्त्यातली भाकरी सोडली नाही आणि जेवणानंतरची साखर १२० च्या आत ठेवली. लाडवांत आजीने तिच्यासाठी गूळ कमी केला, ११ ग्रॅमवर आणला, आणि खारीक तेवढीच ठेवली. मी तिच्या फाइलच्या पहिल्या पानाच्या मागे लिहून दिले आहे: अंगावर पाजताना उलट्या सुरू झाल्या, जेवण तुटले आणि धाप लागली, तर साखर बरी दिसली तरी लघवीतले किटोन आणि रक्ताचा सामू पाहायला सांगणे. खाली आबांनी आपल्या अक्षरात आणखी एक ओळ घातली आहे: वास आला तर वाट पाहू नका, मला रात्री कधीही फोन करा.